पाच हाताची काठी

आत्या,

सुतारानं गाडा आणून माझ्या ओट्यावर ठेवलाय. लिंबाच्या लाकडाचा, दोन हात लांब, चाकांना हळद लावलेली. इतकी वर्षं तो तुझ्या दारात यायचा. तुझ्या दाराला आता कुलूप आहे, म्हणून तो इकडं आला. सुतारानं खांद्यावरचा रुमाल झटकला आणि म्हणाला, "गिरजामाय न्हाई, आता तुमीच पाहा. उद्या कोन्या वाटेनं न्यायचा ते सांगा म्हंजे झालं." मी काही बोलायच्या आत तो सायकलवर टांग टाकून गेलासुद्धा.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. तेरवीला आलेले पाहुणे परतले, तुझ्या शेळ्या दादानं पुसेगावला नेल्या, आणि मी अजून एकदाही नीट रडलो नाही. लोकांना वाटतं, नामदेवानं स्वतःला चांगलं सावरलं. कसलं सावरलंय! मी घाबरलोय, आत्या. माणूस घाबरलेला असला की त्याला रडायला सवड मिळत नाही. सकाळी उठलो की आधी आभाळ बघतो, मग उत्तरेच्या खोलीची भिंत बघतो, मग चहा घेतो. का घाबरलोय ते पुढं सांगतो. आज सोमवार आहे आणि उद्या आखाडातला मंगळवार.

चिमी शाळेतून आली आणि गाड्याला हात लावणार तेवढ्यात मी तिच्यावर ओरडलो. पोरगी दचकली. "बाबा, हे खेळणं नाही का?" म्हणाली. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आखाडात रोगराईचे दिवस येतात. तेव्हा मरीआईला या गाड्यात बसवायचं, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात द्यायचा आणि गावातून ओढत शिवेवर नेऊन सोडायचं. तिथून पुढचं गाव तिला पुढं नेतं. परत येताना मागं वळून पाहायचं नाही. "आणि पाहिलं तर?" तिनं विचारलं. तू असतीस तर असं काही सांगितलं असतंस की ती आठ दिवस एकटी न्हाणीतसुद्धा गेली नसती.

घाबरवण्यात तू पटाईत होतीस. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारा, त्याच्यामागं माझं शिक्षण बुडायला नको म्हणून दहावीनंतर मला तुझ्याकडं आणून टाकलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आयटीआयला नकाशे काढायच्या कोर्सला नंबर लागला होता आणि मी स्वतःला जगातला सर्वांत शहाणा माणूस समजत होतो. गाव तालुक्याचं, म्हणजे एक सडक, एक बाजार, आणि तुझ्या घरामागून जाणारा नाला. मामा, म्हणजे तुझे मालक, कधीच गेलेले. घरात तू, बारा शेळ्या आणि मी. बोलण्यात तुझा नंबर पहिला, मग शेळ्यांचा, मग माझा.

त्या पहिल्या आखाडात, मंगळवारच्या पंधरा दिवस आधी, तू कोपऱ्यातली काठी काढलीस. चांगली पाच हात लांब, दोन्ही टोकांना लोखंडी कडी ठोकलेली. गाडा तेव्हा नाल्यातूनच जायचा, देवीच्या ओट्यापासून थेट शिवेपर्यंत. तू ती काठी आडवी धरून नाल्यातून निघालीस. एक टोक तुझ्या हातात, दुसरं टोक ज्या आळीचा भाग असेल तिथल्या बाईच्या हातात. काठी झुडपाला अडली, ढिगाऱ्याला अडली, कुणी हळूच पुढं सरकवलेल्या उकिरड्याला अडली की तू थांबायचीस. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, नुसती उभी राहायचीस. बघता बघता त्या आळीच्या बाया खराटे, विळे, टोपली घेऊन यायच्या. ज्या आळीसमोर गाड्याचं चाक अडेल तिच्यावर वर्षभर आईची वाकडी नजर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वकिलाची बायको यायची, कासाराची सून यायची, तांड्यावरून भाजी विकायला आलेल्या बाया पाट्या खाली ठेवून हात लावायच्या. पंधरा दिवसांत कोसभर नाला असा लख्ख व्हायचा की शेळ्यांना त्यात खायला काही उरायचं नाही.

मी काठावर बसून हसत होतो. माझ्या मित्रांना मी सांगितलं होतं की आमच्या आत्याकडं जमीन मोजायचा पाच हाताचा थिओडोलाइट आहे.

"काहून दात काढून राहिला?" तू खालून विचारलंस.

"आत्या, खड्डा असला तं चाक अडतंच. देवी काहून कोपंल?"

"व्हय," तू म्हणालीस. "मंग खड्डा बुजवाव लागंल का न्हाई?"

पण मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. कोर्सला नुकतंच पाणीपुरवठ्याचं प्रकरण झालं होतं. मी तुला रोग कसे होतात ते समजावलं. घाण पाण्यानं होतात, देवीनं नाही, देवीला भिऊन काही उपयोग नाही. तू कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलंस.

"मंग पाण्याला भे," म्हणालीस. "कोणाला तं भे! तू तं कोणालाच भेऊन न्हाई राहिला." आणि पुन्हा वाकून बाभळीचं मूळ तोडायला लागलीस. "भेलेलं माणूस झाडून घेतंय, लेका. न भेलेलं नुस्तं थुकतंय."

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी विचारली होती. गाडा दोन हातांचा, तर काठी पाच हातांची काहून? तू मान वर न करता म्हणालीस, "आई काय एकली जाती व्हय? तिच्या मागं पाणी जातंय." मला वाटलं, आत्याचं आपलं काहीतरी. मी ते मित्रांना सांगून पुन्हा हसवलं.

पुढं मला पालिकेत नकाशे काढायची नोकरी लागली. तू बाजारात प्रत्येकाला सांगत सुटलीस की आमचा नामा आता गाव काढतो. मग परभणीतून तुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि आपल्या तालुक्याच्या गावालाही वारं लागलं. कुरुंद्याचे हळदीवाले, डोंगरकड्याचे मास्तर, तांड्यावरची नोकरीला लागलेली पोरं, सगळ्यांना गावात घर पाहिजे होतं. नाल्याच्या अंगानं नवी वसाहत करायचं ठरलं आणि तिचा नकाशा माझ्या टेबलावर आला.

आता जे सांगणार आहे ते तुला कधी सांगितलं नाही.

पालिकेच्या कपाटात निजामाच्या वेळचा कापडी नकाशा होता. त्यावरून मी नवा नकाशा उतरवत होतो. नाल्याच्या दोन रेघा, आणि त्यांच्यामध्ये उर्दूत काही लिहिलेलं. एका म्हाताऱ्या कारकुनाला उर्दू यायचं, त्यानं चष्मा पुसून वाचलं: नाला, आणि त्याच्याखाली, बंडी का रास्ता. म्हणजे आपला गाडा, आत्या. शंभर वर्षांपूर्वी कुण्या परक्या माणसानं तुमच्या गाड्याची वाट पाहिली होती, तिचं माप घेतलं होतं आणि ती कागदावर मांडली होती. मीही ती प्रामाणिकपणे माझ्या कागदावर उतरवली.

साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"नाला आहे साहेब. गाड्याची वाट."

"पाणी असतं?"

"पावसाळ्यात. ते पण कधीमधी."

"आणि गाडा?"

"वर्षातून एकदा."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "एका दिवसासाठी एवढी जागा अडकवायची? अहो, त्यांना सडकेनं जाऊ द्या की. मस्त डांबरी सडक करतोय आपण. इथं दीड फुटाची नाली दाखवा, झालं."

कुणी मला धमकावलं नाही. कुणी माझे हात ओले केले नाहीत. मला ते पटलं, हेच सगळ्यात वाईट आहे. मी दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला आणि त्या दोन रेघा कागदावरून खरवडून काढल्या. शाई निघाली की तिथं कागद पांढुरका आणि खरखरीत राहतो, बोट फिरवलं की कळतं. त्या खरखरीत जागेवर मी चौकोन आखले, त्यांना नंबर घातले. पुढं वर्षभरानं मी स्वतः घरासाठी प्लॉट घेतला, तोही त्याच रांगेतला. मला माहीत होतं. तरी घेतला, कारण तिथून शाळा जवळ होती.

आणि त्या वेळी मला वाटलं की मी तुमच्या देवीवर मोठे उपकार करतोय. सडकेवर पाणी मारायला पालिकेचा टँकर सांगितला, बँड सांगितला, मी स्वतः गाड्याच्या मार्गाचा कागद टाईप करून घेतला. पेढे घेऊन तुझ्याकडं आलो. तू अर्धा पेढा खाल्लास आणि अर्धा शेळीला दिलास.

"सडक झाडाव लागती का?" विचारलंस.

"कशाला? पालिकेचे लोक झाडतेत."

"मंग बायांनी काय कराव?"

"नवी लुगडी नेसून याव."

"हं." बराच वेळ तू शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मग माझ्याकडं बघितलंस. "नामा, कागदावर वाट व्हती का रं?"

"न्हाई आत्या," मी म्हणालो.

तुला वाचता येत नव्हतं म्हणून ते खोटं खपलं असं नाही. तुझा माझ्यावर विश्वास होता म्हणून खपलं. किंवा खपलं नसेलही. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि तुझ्या त्या न विचारण्याला मी इतकी वर्षं भीत आलोय.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गाडा सडकेनं थाटात निघाला. दर वर्षी गर्दी वाढली, बँड वाढला, पुढाऱ्यांचे फोटो वाढले. पालिकेनं चौकात गाड्याच्या नावाची कमान बांधली, तिचंही चित्र मीच काढलं. बाहेरून पाहुणे आले की आम्ही त्यांना ती कमान दाखवायचो, आणि ते म्हणायचे, वा, शहर वाढलं तरी तुम्ही संस्कृती जपलीत! मीही मान डोलवायचो. आम्ही एक दिवस जपला होता, आत्या. त्याच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही मारून टाकले, आणि गाव ज्याच्यावर उभं होतं ते तेच पंधरा दिवस होते. डांबरावर चाक अडत नाही. चाक अडत नाही म्हणून कुणी भीत नाही. कुणी भीत नाही म्हणून नाल्यात घरादाराचा राडारोडा, पिशव्या, वेडी बाभूळ, सगळं येऊन पडलं.

तू तेवढी जात राहिलीस. काठीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते जमिनीवरून फरफटत यायचं. मला ऑफिसात लोक सांगायचे, तुमची आत्या पुन्हा नाल्यात दिसली. एकदा माझा पारा चढला. भर रस्त्यात तुझ्या हातातलं टोपलं हिसकावून घेतलं. आठवतं?

"लोकं हसून राहिले मला! इंजिनेराची आत्या उकिरडा उपसती म्हणतेत!"

तू पदरानं तोंड पुसलंस. "तू कुठं इंजिनेर हाईस?"

मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र दर आठवड्याला चिमीसाठी शेळीच्या दुधाची किटली पाठवत राहिलीस. तुझी भाचेसून सुनंदा ती घ्यायची आणि मला मुद्दाम दाखवून रिकामी करायची.

माझ्या घराच्या वास्तुशांतीला तू आलीस, जेवलीस, सगळं घर पाहिलंस. उत्तरेच्या खोलीच्या उंबऱ्यात मात्र थांबलीस. पाय आत टाकला नाहीस. सुनंदाला म्हणालीस, "पोरगी या खोलीत निजवू नको, बाई." मी सर्वांसमोर सांगितलं की या खोलीत वारा छान येतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या भिंतीला ओल आली. हाताला चाळा म्हणून मी पेन्सिलनं ओलीची रेघ मारून ठेवली. दुसऱ्या वर्षी ओल रेघेच्या चार बोटं वर होती. दर वर्षी एक रेघ. भिंत रंगवली तरी मला त्या रेघा दिसतात.

आणि मग मागचा भादवा. दुपारची वेळ, मी ऑफिसात. तू घरी आलीस आणि चिमीला म्हणालीस, शेळी व्यायलीये, पिल्लं बघायला चल. सुनंदालाही सोबत नेलंस. तासाभरात पाऊस कोसळला. पाणी कुठून आलं हे कुणालाच कळलं नाही, ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. शाळेमागून आलं, जिथून शंभर वर्षं येत होतं तिथूनच आलं, आणि उत्तरेच्या खोलीची खिडकी फोडून आत शिरलं. मी पोचलो तेव्हा चिमीची खाट भिंतीला उभी टेकलेली, आणि वह्या, दप्तर, उशी सगळं दारात गाळात. तासाभरानं पाणी निघूनही गेलं. खाटेवर पोरगी असती तर, हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही.

तुझ्या घरी धावत आलो तर चिमी मांडीवर करडू घेऊन बसलेली. नुकतं जन्मलेलं नव्हतं ते, चांगलं महिन्याचं होतं. शेळी त्या दिवशी व्यायलीच नव्हती. मी ते पाहिलं, तूही माझं पाहणं पाहिलंस. एवढंच बोलायचं होतं की आत्या, तू माझी लेक वाचवलीस. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ते बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं. म्हणून मी म्हणालो, "नाली तुंबली व्हती, आत्या. उद्या मानसं लावतो." आणि तू म्हणालीस, "लाव." आज बोलतो. तू माझी लेक वाचवलीस. तुझे पाय धरायचे राहून गेले.

शेवटच्या तापात मी तुझ्या उशाशी बसलो होतो. भर दुपार, बाहेर शेळ्या ओरडत होत्या. मनात म्हणत होतो, आता सांगावं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "मंगळवारी चाक अडू देऊ नको." आणि मी, आत्या, मी काय म्हणालो? "सडकेवर चाक कसं अडंल?" तू माझ्याकडं पाहिलंस आणि कूस बदललीस. आपल्या दोघांचं शेवटचं बोलणं ते. पंधरा दिवस झाले, मी जेवताना, नळावर, ऑफिसात ते वाक्य परत घ्यायला बघतोय.

तेरवीनंतर तुझ्या कोपऱ्यातली काठी मी घेऊन आलो. काल रविवारी ती घेऊन देवीच्या ओट्यापासून निघालो. एक टोक माझ्या हातात, दुसरं टोक फरफटत. रस्त्यावरची दोन-चार ओळखीची माणसं हसली, बरोबरच आहे. सुरुवातीचा भाग स्वच्छ होता. तिथल्या बाभळीच्या बुंध्यांवर तुझ्या विळ्याचे वार होते, उन्हाळ्यातलेच, अजून पुरते काळे पडले नव्हते. एवढ्या तापत्या महिन्यांत तू एकटी तिथवर पोचली होतीस. पुढं वसाहत लागली आणि काठी माझ्याच कंपाउंडच्या भिंतीला अडली.

मी तुझ्यासारखा थांबलो. म्हटलं, ज्यांची आळी आहे ते येतील. बराच वेळ कुणी आलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की ही आळी माझी आहे.

काठी आत नेली आणि जुन्या नकाशाप्रमाणं अंगणात आडवी ठेवली. एक टोक बाहेरच्या भिंतीशी आलं. दुसरं टोक उत्तरेच्या खोलीच्या दारातून एक हात आत शिरत होतं, बरोबर जिथं चिमीची उशी असते तिथं. काठी तशीच ठेवून मी सुनंदाला अंगणात हाक मारली. तिला तिथंच सगळं सांगितलं, ब्लेडपासून. आधी तिनं आत जाऊन, पुरानंतर आम्ही पुन्हा तिथंच मांडलेली चिमीची खाट बाहेरच्या खोलीत ओढली. मग म्हणाली, "आत्याबाईला सांगितलं होतं का हे?" मी "न्हाई" म्हणालो. "मंग आता कोणाला सांगता?"

आज सकाळी मी पहार घेतली. पूर्वेची भिंत गाड्याच्या येण्यापुरती पाडली. पश्चिमेची, शेजाऱ्यांशी सामाईक भिंत पाडायला घेतली तेव्हा पलीकडून शेवंतावहिनी आल्या. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचं कुटुंब, आमच्या शेजारी तीन वर्षांपूर्वी घर बांधलं. पै-पै साठवून दोन खोल्यांच्या तीन खोल्या करत आलेली माणसं.

"भाऊजी, चांगली भिंत काहून पाडून राहिले?"

"उद्या गाडा इथून न्यायचाय, वहिनी. इथं नाला व्हता. नकाशात वाट व्हती. मी खोडली."

आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो ते. त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी मागं वळून स्वतःच्या घराकडं पाहिलं.

"मंग माझं सैपाकघर कशावर हाय?"

"त्याच वाटेवर."

"तुमाला ठाव व्हतं? आमी बांधून राहिलो तवा?"

"व्हय."

त्या माझ्या पायाशी थुंकल्या आणि आत गेल्या. दार इतक्या जोरात लागलं की त्यांच्या भिंतीचा गिलावा पडला. मला तुझं ते थुंकण्याचं वाक्य आठवलं, पण त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हातातली पहार माझ्याच डोक्यात घातली असती.

जुन्या नकाशाची नक्कल काढून अर्जाला जोडलीय. मी काय केलं ते त्यात लिहिलंय, सहीसकट. उद्या गाड्याचं झालं की तसाच पालिकेत देणार आहे. नोकरी राहील की नाही माहीत नाही. त्याची भीती वाटायला हवी होती, पण मोठी भीती असली की बारक्या भित्या पोटात मावत नाहीत. मला भीती आहे ती फक्त पाण्याची. माझ्यानंतर वहिनींचं घर, त्यांच्यानंतर आणखी सात घरं, प्रत्येकात एक उत्तरेची खोली. उद्या गाडा माझ्या अंगणापर्यंत येईल. त्याच्यापुढं वहिनींची भिंत आहे, आणि ती पाडायचा हात माझा नाही. चाक तिथं अडणार, आत्या. सगळ्या गावासमोर माझ्याच आळीत अडणार. तुझा शब्द मी पाळू शकत नाही, हे सांगायलाच खरं तर लिहायला बसलो.

चार वाजले असतील. कुरुंद्याच्या अंगानं आभाळ काळं झालंय. गाडा ओट्यावर आहे, चिमी त्याच्यापासून हातभर लांब बसून बांगड्या मोजतेय. उत्तरेची खोली रिकामी आहे. तुझी काठी माझ्या मांडीवर आहे आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर.

थांब. वहिनींच्या भिंतीपलीकडून आवाज येतोय. दाराचा नाही. आधी वाटलं पाऊस. पाऊस नाही. विटा सरकवताहेत. मग खराट्याचा आवाज, रागारागानं, दात ओठ खाऊन मारलेले फटकारे, एकामागून एक. चिमी उठून उभी राहिलीय आणि माझ्याकडं बघतेय.

आत्या, कोनी तरी भेलंय.